दाबून धरा, डॉक्टर

फोन आला तेव्हा माझा उजवा हात कोपराच्याही वरपर्यंत एका गायीच्या आत होता. गाय गाभण आहे की नाही हे बघायची आमची हीच रीत, तिला इलाज नाही. खिशातला फोन वाजतच राहिला, तेव्हा गोठ्याच्या मालकानं तो काढून माझ्या कानाला लावला. पलीकडून भास्करच्या घरच्या शोभावहिनी एवढंच म्हणाल्या, "डॉक्टर, हे गेले." मी म्हणालो, "बरं." माणूस अशा वेळी काय बोलतो बघा... बरं! मालक इकडं घाईला आला होता, "हाय का हो डॉक्टर, हाय का?" मी म्हणालो, "आहे." हात काढला, बादलीत धुतला, पुन्हा धुतला, पुन्हा धुतला. मालक हळूच म्हणाला, "डॉक्टर, साबन संपला की." तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की आपण रडतोय.

भास्करला जाऊन आता सव्वा महिना झाला. पारनेरच्या बाहेर, सुप्याकडं जाणाऱ्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. मोटारसायकली दुरुस्त करायचा. त्याच्यावर पेपरच्या पुरवणीत कुणी काही लिहावं असा तो माणूस नव्हे, हे तो स्वतःच पहिल्यांदा म्हणाला असता. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तालुक्यातून माणसं आली होती. मांडवाबाहेर इतक्या गाड्या लागल्या होत्या, की त्या बघून मला वाटलं, या सगळ्यांच्या पुढच्या चाकाला या माणसाचा हात लागलेला आहे. कार्यक्रमात बुद्धवंदना झाली, भाषणं झाली. मलाही बोलायला उभं केलं. मी दोन वाक्यं बोललो आणि खाली बसलो. जे बोलायचं राहिलं ते लिहितोय.

मी जनावरांचा डॉक्टर. कागदावर पशुधन पर्यवेक्षक आहे, पण आमच्याकडं गायीला सुई टोचेल तो डॉक्टर, त्यामुळं गेली कित्येक वर्षं मी डॉक्टरच. कामच असं की दिवसभर गाडीवर. आज पठारावर, उद्या खाली, परवा कुठल्या तरी वस्तीवर जिथं रस्ता नावालाच. आणि स्वभाव मुळातला तापट. घाई तर विचारूच नका. बायको म्हणते, हे जेवतानासुद्धा एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून जेवतात. तर असा मी, बदली होऊन पारनेरला आलो त्याच महिन्यात, पुढचा ब्रेक ढिला लागतो म्हणून भास्करच्या दारात गाडी लावली आणि म्हणालो, "अरे, एवढं जरा लवकर बघ." वयानं आम्ही बरोबरीचेच. त्यानं वर बघितलं, हात पुसले आणि म्हणाला, "बसा गाडीवर." मी म्हणालो, "गाडीवर कशाला? खुर्ची नाही का?" तर म्हणाला, "खुर्ची हाय. पन ब्रेक दाबायला तुमी लागनार."

मला वाटलं, हा थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढचा डिस्क ब्रेक तेलावर चालतो. मुठीजवळ तेलाची छोटी डबी असते, तिथून एक नळी खाली चाकापाशी जाते. आपण लिव्हर दाबला की तेल खाली ढकललं जातं आणि चाक आवळलं जातं. त्या तेलात हवा शिरली की संपलं. तेल दबत नाही, हवा दबते. आपण दाबतोय दाबतोय, आणि आपला सगळा जोर त्या हवेतच जिरतो, चाकापर्यंत पोचतच नाही. ती हवा काढायची म्हणजे एकानं वर लिव्हर दोन-तीनदा मारून दाबून धरायचा, दुसऱ्यानं खाली चाकापाशी बसून निपल, म्हणजे तेल बाहेर सोडायचा बारका स्क्रू, पान्यानं जरासं ढिलं करायचं. निपलला लावलेल्या आरपार नळीतून हवेचे बुडबुडे तेलाबरोबर बाहेर पडतात. मग आधी निपल बंद, आणि त्यानंतरच वरच्यानं लिव्हर सोडायचा. त्याआधी सोडला तर बाहेर आलेली हवा परत आत ओढली जाते आणि केलेलं सगळं पाण्यात.

बाकीच्या गॅरेजांत हे काम मेकॅनिक एकटाच एका हातानं लिव्हर आणि दुसऱ्या हातानं पाना धरून उरकतो. भास्करकडं नियम होता. लिव्हर गाडीवाल्यानंच दाबायचा. तेही शेडच्या बाहेर, उन्हात, कारण आतल्या अंधारात नळीतला बारका बुडबुडा दिसत नाही. खाली मान घालून तो एकाच सुरात बोलत राहायचा, "दाबा... दाबा... आता दाबून धरा... सोडू नका... हां, सोडा." असं वीसदा, तीसदा. शेवटी तो उठायचा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायचा आणि म्हणायचा, "आता धा वेळा दाबा. पयल्या टायमाला जेवढा घट लागला तेवढाच धाव्या टायमाला लागला का?" लागला म्हटल्यावरच किल्ली. आणि मग रस्त्याच्या कडेच्या मैलाच्या दगडापर्यंत जाऊन ब्रेक मारून परत यायचं. तोवर हा रस्त्यात उभा, डोळ्यावर हात धरून.

त्या पहिल्याच दिवशी मी काय केलं ते सांगायला मला आज लाज वाटते, पण सांगतो. वडझिऱ्याकडच्या एका शेतकऱ्याची गाय अडली होती. सारखे फोन. ऊन मी म्हणत होतं. पंधराव्या-सोळाव्या वेळेला त्यानं "दाबून धरा" म्हटलं, मी धरला, आणि तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. हात आपोआप खिशाकडं गेला. लिव्हर सुटला. क्षणभरच, लगेच पुन्हा पकडला. खालून भास्करनं विचारलं, "सोडला का हो?" आणि मी, चांगला शिकला-सवरलेला सरकारी माणूस, म्हणालो, "नाही." तो म्हणाला, "बरं." त्यानं निपल आवळलं, उठला, नवीन तेलाचा सीलबंद डबा फोडला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पुढचा पाऊण तास मी त्या उन्हात बसून लिव्हर दाबत होतो आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होतो. गायीपाशी पोचलो तर ती केव्हाच मोकळी झाली होती, वासरू उभं राहून दूध पीत होतं आणि मालक मला म्हणाला, "आता च्या तरी पिऊन जा."

पुढं ओळख वाढल्यावर, वर्ष-सहा महिन्यांनी मी एकदा कबूल केलं, "भास्कर, त्या दिवशी मी लिव्हर सोडला होता." तो म्हणाला, "ठावं हाय. बुडबुडा नळीतनं उलटा वर गेल्ता. डोळ्यानं बघितला मी." मी म्हणालो, "मग बोलला का नाहीस?" तर शांतपणे म्हणाला, "तुमी न्हाई म्हनलात. मंग वाद कशाला? पुन्यांदा काढली हवा." मला शेलक्या शब्दांत सुनावलं असतं तर मी इतका खजील झालो नसतो. आणि हेही सांगून टाकतो. पहिल्या दिवशी मी त्याला "अरे" म्हणालो आणि तो मला "तुमी" म्हणाला, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. मैत्रीत चालतं, असं मी समजत आलो. त्याला "अहो" म्हणायला मला कुणी अडवलं होतं का? नव्हतं. आता हे मला फार सलतं.

त्या कबुलीच्या दिवशीच मी त्याला विचारलं, की बाबा, हा नियम तू काढलास कुठून? लोक कंटाळतात, पलीकडच्या गॅरेजला जातात, तुझं गिऱ्हाईक तुटतं. त्यानं पाना पुसून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "सोपाननाना म्हाईत हायेत ना, पठारावरचे? लंगडत चालत्यात ते?" सोपाननाना मला चांगले माहीत होते. कांद्याचे मोठे शेतकरी, त्यांच्या म्हशी माझ्याकडंच. भास्कर म्हणाला, "त्यांचा पाय माज्यामुळं गेला... का न्हाई गेला, त्येच मला म्हाईत न्हाई."

झालं होतं असं. मी पारनेरला येण्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आठवड्याचा बाजार होता, गॅरेजपुढं गाड्यांची रांग. नानांच्या गाडीच्या ब्रेकचं वायसर-किट बदललं, नवीन तेल भरलं. नाना घाईत होते, भास्करही घाईत. त्यानं एकट्यानंच एका हातानं लिव्हर आणि दुसऱ्या हातानं पाना धरून हवा काढली. लिव्हर दाबून बघितला, घट्ट लागला. नानांनी गाडीला टांग मारली आणि गेले. त्याच दिवशी पुन्हा पठारावरून खाली येताना, घाटाच्या उतारावर, वळणावर गाडी सुटली आणि खाली गेली. पाय तीन ठिकाणी मोडला. भास्कर जाऊन गाडी बघून आला, तर ब्रेकची नळीच तुटलेली, तेल सगळं मातीत जिरलेलं. आत हवा होती की नव्हती, हे सांगणारं काही शिल्लकच नव्हतं. सांगणारे फक्त नाना. आणि नानांनी सगळ्या गावाला सांगितलं की कुत्रं आडवं आलं.

"मग झालं की," मी म्हणालो, "कुत्रं आडवं आलं तर तू काय करणार?" भास्कर म्हणाला, "आलं असंल. पन त्या वळनाला घर न्हाई, वस्ती न्हाई. कुत्रं तिथं काय करतंय?" मी त्याला समजावलं, चिडलो, हसण्यावारी नेलं. तो म्हणाला, "डॉक्टर, एखाद्याची गाय मेली, तर तुमी कातडं फाडून बघता ना, कशानं मेली ते? मेलेली काय उठत न्हाई. मंग का बघता?"

एवढी एकच गोष्ट या माणसाला हवी होती. माफी नको होती, शाबासकी नको होती. त्या वळणावर नानांच्या हातात ब्रेक होता की नव्हता, एवढं त्याला कळायला हवं होतं. नाना पुढंही त्याच्याकडंच गाडी घेऊन यायचे. गाडीवर बसून, वाकडा पाय पसरून, मुकाट्यानं लिव्हर दाबायचे, आणि भास्कर खालून विचारायचा, "नाना, खरं सांगा, कुत्रं हुतं का?" नाना म्हणायचे, "हुतं की. तांबडं." पुढच्या खेपेला, "हुतं बाबा, काळं." मी स्वतः एकदा "पांढरं, ठिपक्याठिपक्याचं" असं ऐकलंय. भास्कर मला डोळा मारून म्हणायचा, "बघा डॉक्टर, दर सर्व्हिसिंगला रंग बदलतंय." तो हसायचा, नानाही हसायचे. पण नाना गेले की तो काम टाकून ओट्यावर बसायचा, आणि मग चहा सांगितला तरी त्याचं लक्ष नसायचं.

एरवी मात्र हा माणूस कामात असा रमायचा की बघत राहावं. जनावरांच्या सलाईनची जादा नळी मी फेकून देतो हे त्याला कळलं, तेव्हापासून बिनवापराच्या, मुदत संपलेल्या नळ्या त्याच्यासाठी ठेवायच्या असा हुकूमच झाला. का, तर ती आरपार दिसते, निपलला गच्च बसते. एकदा माझ्या पेटीतली गायीची मोठी पिचकारी, म्हणजे सिरिंज, हातात घेऊन उलटीसुलटी करत बसला. म्हणाला, "एक नवी द्या." दुसऱ्या दिवशी गेलो तर हा पठ्ठ्या त्या सिरिंजमध्ये तेल भरून ते खालून, निपलमधून वर ढकलतोय! वरच्या डबीत बुडबुडे टपाटप फुटतायत आणि हा हरखून गेलाय. "हवा आपसूक वर जाती डॉक्टर, आन आमी इतके दिस तिला खाली वढत हुतो. काय येडे हो आमी!" ते तेल रंगाला लागलं की रंग उठतो, म्हणून टाकीवर ओलं पोतं टाकायचा. काम झालं की सगळं पाण्यानं धुऊन काढायचा. पुण्याच्या एका वर्कशॉपमध्ये तो काही वर्षं होता, तिथं शिकला. पण हे पिचकारीचं त्याला कुणी शिकवलं नव्हतं, त्याचं त्यालाच सुचलं. आणि पिचकारीनं हवा काढली तरी शेवटी गाडीवाल्याला उन्हात बसवून लिव्हर दाबायला लावणं काही चुकलं नाही. "मशीनला कळलं, मला कळलं," तो म्हणायचा, "पन घाटात ना मशीन असतंय ना मी. यांच्या हाताला कळाया पायजे."

एकदा एका पुढाऱ्याची महागडी मोटारसायकल आली. हौसेनं घेतलेली, वर्षातून दोनदा मिरवणुकीत चालवायची. बरोबर चार कार्यकर्ते. भास्कर म्हणाला, "साहेबांना बसवा गाडीवर." कार्यकर्ता म्हणाला, "साहेब दाबत नसतात, मी दाबतो." भास्कर म्हणाला, "चालवनार कोन?" "साहेब." "मंग साहेबच." कार्यकर्त्याचा आवाज चढला. भास्करनं पाना खाली ठेवला, जाऊन ओट्यावर बसला आणि सुपारी कातरायला लागला. मी तिथंच होतो. पण खरं सांगतो, साहेब मागच्या मोटारीतून उतरले, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत त्या तापलेल्या सीटवर बसले आणि लिव्हर दाबायला लागले. "दाबा साहेब... दाबून धरा... सोडू नका." वीस मिनिटांत साहेबांचा सदरा पाठीला चिकटला. जाताना मात्र म्हणाले, "मास्तर, आता हाताला लागतोय खरा." ते गेल्यावर भास्कर मला म्हणाला, "मानूस चांगला हाय. भवतीची गर्दी तेवढी बेकार."

गेल्या उन्हाळ्यात त्याचं पोट दुखायला लागलं. आधी त्यानं ते अंगावर काढलं. माझ्याकडच्या जनावरांच्या गोळ्याही थट्टेत मागितल्या, आणि मीही मूर्खासारखा हसलो. डोळे पिवळे दिसले तेव्हा मीच ओढत नगरला नेला. स्वादुपिंडाला गाठ निघाली, हाताबाहेर गेलेली. डॉक्टरांनी, म्हणजे खऱ्या डॉक्टरांनी, घरी न्यायला सांगितलं. शोभावहिनी अंगणवाडीत आहेत. त्यांनी रजा टाकली आणि बाहेरच्या खोलीत, दारातून रस्ता दिसेल अशी त्याची खाट टाकली. मी जाता-येता थांबायचो. रस्त्यानं एखादी गाडी करकचून थांबली की तो डोळे न उघडता सांगायचा, "मागचाच दाबतोय. पुढं हातच लावत न्हाई येडा."

एके दिवशी दुपारी मला म्हणाला, "डॉक्टर, एक काम हाय." मला कळलंच. म्हणाला, "नाना मला खरं सांगनार न्हाईत. मी इचारलं की त्यांना हसू येतंय. तुमी इचारा. आन जे सांगत्याल त्येच मला येऊन सांगा. मधी काय घालू नका, काय काढू नका." मी हो म्हटलं. दारापर्यंत गेलो तर मागून म्हणाला, "डॉक्टर... तुमी त्या दिवशी लिव्हर सोडला हुता, आन न्हाई म्हनलात." बस्स, एवढंच.

नाना कांद्याच्या चाळीपाशी बसले होते. मी गेल्या गेल्या सांगितलं, भास्करचं असं असं आहे, थोडे दिवस उरलेत, त्याला खरं ऐकायचंय. नाना मान खाली घालून एक कांदा हातात फिरवत राहिले, त्याची सालं काढत राहिले. मग म्हणाले, "कुत्रं-बित्रं काय नव्हतं डॉक्टर. वळनावर लिव्हर वढला, तर त्यो सरळ मुठीला येऊन टेकला. परत वढला, परत टेकला. तिसऱ्यांदा वढायला टाइमच नव्हता." मी विचारलं, "मग कुत्रं कुठून काढलंत?" नाना म्हणाले, "दवाखान्यात डोळं उघडलं, तर भवती सगळी भावकी. गाडीचं काम कुनाकडं केल्तं, म्हनून इचारत हुते. एक म्हनला, त्याचं शेड ठिवायचं न्हाई. दुसरा म्हनला, शेडचं काय घिऊन बसला, त्यालाच बघू. कुनाचं पोर, कुठल्या वस्तीतलं, लई बोलत हुते... तुमाला कळतंय, मी सांगत न्हाई. काठ्या काढायच्या बेतात हुते. मी म्हनलं, थांबा रं, कुत्रं आडवं आलं. तवा गप बसले."

मी म्हणालो, "नाना, ते तेव्हाचं झालं. नंतर त्याला एकट्याला सांगता आलं असतं की." नाना म्हणाले, "दुसऱ्या दिशी त्यो आला. माज्या खाटंच्या पायथ्याला हुबा. त्याचं त्वांड बघितलं आन जीभ उचलंना. म्हनलं, याला सांगितलं तर ह्यो पाना हातात धरायचा न्हाई परत. मंग कुत्रंच राहू दिलं... आन खरं सांगू का? घाई मीच लावली हुती त्याला." त्यांचे डोळे भरले होते, आणि ते कांद्यामुळं नव्हे. उठताना त्यांनी माझा हात धरला. "आता नका सांगू. मरत्या मानसाला शांत जाऊ द्या. सांगा कुत्रं हुतं. नानानं शपथ घेतली म्हनून सांगा."

परत येताना मी सगळ्यांवर चिडलो. नानांवर चिडलो, त्यांच्या भावकीवर चिडलो, भास्करवर तर सगळ्यात जास्त. काय नडलं होतं याला? सगळं गाव तुला निर्दोष म्हणतंय, ज्याचा पाय गेला तो म्हणतोय, मग घे ना बाबा पदरात! आणि हे असलं काम माझ्याच गळ्यात का? घाट उतरताना मी ठरवलं, कुत्रं सांगायचं. पक्का रंगसुद्धा ठरवला, तांबडा. त्यानं विचारलं तर शेपटीसकट सांगणार होतो. उतार संपेपर्यंत माझी गोष्ट अगदी पाठ झाली होती.

खोलीत शिरलो. वहिनी त्याच्या पायाला तेल लावत होत्या. तो जागा होता. त्यानं विचारलं काहीच नाही, फक्त माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "कुत्रं नव्हतं भास्कर." माझं मलाच ऐकू आलं तेव्हा मी घाबरलो. वहिनींचा हात थांबला. तो म्हणाला, "लिव्हर?" मी म्हणालो, "मुठीला टेकला." "दुसऱ्यांदा?" "दुसऱ्यांदाही टेकला. तिसऱ्यांदा दाबायला वेळ नव्हता म्हणाले." मग मी भावकीचं सांगितलं, काठ्यांचं सांगितलं, घाई मीच लावली होती असं नाना म्हणाले तेही सांगितलं. काही घातलं नाही, काही काढलं नाही. त्यानं डोळे मिटले. त्याच्या छातीकडं बघत मी मनात म्हणत होतो, मारलंस डॉक्टर, तू याला आज मारलंस.

मग त्याचे ओठ हलले. मी खाली वाकलो. "म्हंजे हवाच हुती," तो म्हणाला. मी म्हणालो, "हो." त्यानं एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटलं संपलं. पण त्यानं डोळे उघडले आणि वहिनींकडं बघितलं. आजार निघाल्यापासून त्याचा इतका मोकळा चेहरा मी बघितला नव्हता. म्हणाला, "ऐकलंस का? एवढी वरसं लोकान्ला उन्हात बसवलं मी... त्ये उगं न्हाई बसवलं."

एवढं बोलून तो कुशीवर वळला. मी कसाबसा बाहेर आलो, दाराशी टेकलो आणि मला आवरेचना, लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागलो. थोड्या वेळानं वहिनी पदरानं डोळे पुसत दारात आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हळू रडा, डॉक्टर. लई दिसांनी झोप लागलीय त्यांना."